बर्फाखालचं पंपघर

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीने, रुचाने, तिच्या लॅपटॉपवर तो गेम मला लावून दिला आणि पंधराव्या मिनिटाला मी मेले. मग परत मेले. तिसऱ्यांदा मेले तेव्हा रुचा मागून म्हणाली, "आई, तू तर सांगायचीस की तुला हा अख्खा तोंडपाठ होता." तोंडपाठ होताच. दूरच्या एका ग्रहाच्या बर्फाळ चंद्रावर खाण आहे, खाणीतली सगळी माणसं नाहीशी झाली आहेत आणि दुरुस्तीचं काम करणारी एक बाई तेवढी उरली आहे. बर्फाखालून काहीतरी वर आलंय. त्याला डोळे नाहीत, ते आवाजावर माग काढतं. त्या बाईने खाणीची वीज एकेका मजल्यावर पुन्हा चालू करत वर पोचायचं. पण वीज आली की यंत्रं सुरू होतात, आवाज होतो आणि आवाज झाला की ते येतं. एवढीच गोष्ट. आता तो गेम नव्याने रंगवून, घासूनपुसून पुन्हा काढलाय. त्या बाईच्या श्वासाची वाफ दिसते, भिंतीवरचा बर्फ चमकतो. पण बटणं बदललीत, माझी बोटं जाड झालीत, चष्मा नाकावरून घसरतो आणि ज्या पंपघरातून मी एकविसाव्या वर्षी सुखरूप बाहेर पडले होते तिथे पन्नाशीच्या उंबऱ्यावर दिवसाकाठी दहादा मरते आहे. या वयात इतकी चिडचिड एखाद्या गेमने व्हावी याची लाज वाटते. पण चीड नुसत्या गेमची नाही, म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

तेव्हा आम्ही आटगावजवळच्या आमच्या वाडीत राहायचो. विहाराच्या मागे आमचं घर, पुढे ओटी, मागे चूल आणि त्यामागे उतारावर भाताचे दोन तुकडे. बाबा वीज मंडळात लाईनमन होते. वाडीतून पक्क्या नोकरीला लागलेले ते पहिले, त्यामुळे लोकांना त्यांचा अभिमान होता आणि लाईट गेली की त्याच लोकांना त्यांचा रागही यायचा. लाईट गेली की पाच मिनिटांत कोणीतरी ओटीवर हजर. "काय हो, कधी येनार?" जणू काही ती बाबांच्या खिशात असायची. बाबा जेवत असले तरी ताटावरून उठून उत्तर द्यायचे. घराचा आवाज म्हटला की मला अजून तेच आठवतं: आई भाकऱ्या थापतेय, तांदळाच्या पिठावर तिचा हात पट्‌पट्‌ वाजतोय, अंगणात कोंबड्या भांडतायत आणि ओटीवरून कोणीतरी विचारतंय, कधी येनार. सुकटीचं कालवण, भात आणि जूनच्या सुरुवातीला रानातून आणलेली शेवळं. शेवळं घशाला खाजतात, म्हणून आई त्यात काकडं घालायची, ती आंबट हिरवी रानफळं. तरी मला खाजायचीच. मी तक्रार केली की आई म्हणायची, "तुला सगलंच खाजतं."

ते खरंच होतं. मी बीकॉम झाले होते आणि वर्षभर घरी बसले होते. दोन ठिकाणी लेखी परीक्षा दिल्या, दोन्हीकडून काही कळलं नाही. टायपिंगची परीक्षा द्यायची म्हणून शहापूरला क्लासला जायचे. पण तिथे मशीनवर बसायला नंबर लागायचा. माझा काका कल्याणला एका ऑफिसात होता. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्याने एक जुना मागून घेतला आणि टेम्पोत घालून आमच्याकडे आणला, पोरीला टायपिंगचा सराव होईल म्हणून. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खोक्यात कापडात गुंडाळलेली एक सीडी निघाली, काकाच्या ऑफिसातल्या कोणाची तरी राहून गेलेली. मी आठवडाभर टायपिंग केलं. मग सीडी लावली.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने मी त्या खाणीत होते. आईला वाटायचं की पोरगी सराव करते. एकदा पडद्यातून किंचाळी आली तेव्हा ती चुलीपासून उठून दारात आली. "टायपिंगमदी बाय कोन वरडते गो?" म्हणाली. मी म्हटलं, तो चूक झाल्याचा आवाज आहे. तिला ते पटलं नाही. पण तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मी काकाकडून हेडफोन मागवले. त्या गेमला ऐकूनच खेळावं लागायचं. ते येताना आधी नळांमधून खरखर यायची, मग दारावर धडका बसायच्या आणि धडका बसू लागल्या की जिथे असू तिथे गप्प बसून राहायचं, बोटसुद्धा हलवायचं नाही. ते कंटाळून निघून जायचं. हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. पण खरा छळ वेगळाच होता. गेम सेव्ह करता यायचा तो फक्त दोन मजल्यांमधल्या लिफ्टमध्ये. एका लिफ्टपासून दुसऱ्या लिफ्टपर्यंत पोचायला दीड तास लागायचा. आणि आमच्याकडे सलग दीड तास लाईट म्हणजे सण. सगळं जमवत, श्वास रोखत मी लिफ्टच्या दाराशी यायची आणि पडदा काळा व्हायचा. ओटीवर कोणीतरी विचारायचं, कधी येनार. मी आतून दात ओठ खायची. मुलीला आता दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह झालेला गेम मिळतो, आणि ती म्हणते, कंटाळवाणा आहे.

बाबांना मात्र ठाऊक होतं की हा गेम आहे. सुट्टीच्या दिवशी ते मागे पाटावर येऊन बसायचे, विडी न पेटवता बोटांत धरून. एकदा मी पाच दिवस एका स्विचबोर्डाशी अडकले होते. सहा खटके होते. मी मेन स्विच चढवायची आणि लगेच सगळं पडायचं. बाबांनी थोडा वेळ पाहिलं. "काय करते गो? भरल्या लोडावर मेन चढवते का कोन? आदी सगले खटके पाड. मग मेन. मग एकेक चढव, दम खाऊन." मी तसं केलं. मजला उजळला. बाबा हसले नाहीत, नुसती मान हलवली. "त्या बाईला बरोबर कुनी नाय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "एकटीला लायनीवर पाठवू नये," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर आलं पंपघर. पुढच्या मजल्यावरची ती मोठी खोली, सहा पंप, मधून गोठलेलं पाणी आणि पलीकडे लिफ्ट. पंप चालू केल्याशिवाय लिफ्ट चालत नाही आणि पंप चालू केले की ते येतंच. फाल्गुनापासून मी तिथे अडकले ते पावसाळा आला तरी तिथेच. दिवसभर काही करताना डोक्यात तेच. नोकरीचं काही होत नव्हतं, स्थळं पाहायला लोक येऊन पोहे खाऊन जात होते. मला वाटायचं, निदान ही एक गोष्ट तरी मला पुरी करता यावी.

लावणीचे दिवस होते. वादळी पावसात खांब पडले होते आणि वाडीत तीन दिवस लाईट नव्हती. बाबा दोन दिवस बाहेरच होते, उंबरमाळीकडच्या रानातल्या लायनीवर. तिसऱ्या दिवशी दुपारी ते चिखलाने माखून घरी आले. आई सकाळपासून लावणीला गेली होती. मी त्यांना भात वाढला, वर बोंबलाचं कालवण. ते जेवले, हात धुतला, भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यांच्या पापण्यासुद्धा चिखलाने जड झाल्या होत्या. आणि मी त्यांना म्हटलं, "बाबा, उद्या माझी टायपिंगची परीक्षा हाय. आज सराव झाला नाय तर नापास होईन."

परीक्षा पुढच्या महिन्यात होती. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. उठून फळीवरची पकड घेतली, ओला रेनकोट परत अंगात घातला आणि निघून गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, पण लाईट येणार याचाच आनंद जास्त होता.

तीन वाजता लाईट आली. मी कॉम्प्युटर लावला, हेडफोन घातले. कौलांवर पाऊस एवढा वाजत होता की हेडफोन कानांवर हातांनी दाबून धरावे लागत होते. त्या दिवशी सगळं जमत गेलं. पहिला पंप, दुसरा, तिसरा. खरखर आली. चौथ्या पंपाशी असताना दारावर धडका बसू लागल्या, एक, दोन, मग सलग. मी शिकले होते तशी गप्प बसले. हात उचलून मांडीवर ठेवले. बराच वेळ धडका बसत राहिल्या, मग थांबल्या. गेलं, मी मनात म्हटलं. उरलेले पंप चालू केले, पळत लिफ्ट गाठली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा पंपघराच्या पलीकडे गेम सेव्ह केला. हेडफोन काढून मान मागे टाकली तेव्हा खिडकीच्या गजांना धरून शेजारच्या भीमाआते उभ्या दिसल्या. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलात भरलं होतं.

"बाय, दार का उघडत नाय तू? तुझा बाप खांबावरून पडलाय. खाट मागायला आलते कवाशी."

त्या धडका गेममधल्या नव्हत्या. बाबा शेतातल्या चिखलात पडले होते आणि त्यांना उचलून आणायला लोकांना खाट हवी होती. मी दार उघडलं नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या घरची नेली. मी पावसात अनवाणी धावले. वाटेतच खाट येताना दिसली, चार माणसं खांद्यावर घेऊन आणि आई बाजूने बाबांच्या तोंडावर पदर धरून चालत. बाबा शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "रडू नको." मी रडत नव्हते. मला रडू येतच नव्हतं.

खुबा मोडला होता. शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. चार महिने ते आडवे होते आणि उठले तेव्हा एक पाय आखूड झाला होता. खांबावर चढणं संपलं. त्यांना मुरबाडला बसून करायचं काम दिलं, तक्रारींचा फोन घ्यायचा आणि वहीत लिहायचं. रोज काठी टेकत एसटीने किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला जायचे. लोक फोनवर विचारायचे, कधी येणार, आणि बाबा ते लिहून घ्यायचे. दिवसभर छत डोक्यावर असूनही ते संध्याकाळी जास्त थकलेले दिसायचे. एकदा पौषात म्हसाच्या जत्रेला त्यांनी मला आणि आईला नेलं. गर्दीत ते विजेच्या खांबाखाली उभे राहून बराच वेळ वरची जोडणी बघत राहिले. एक पोरगेलासा लाईनमन वर चढला होता. "पट्टा नाय लावला त्याने," ते म्हणाले. आई घोंगडीचा भाव करत होती. मी तिथून बाजूला झाले. त्या दिवसाचा विषय निघाला, की मी उठून जायची. घरात, विहारात, लग्नात, कुठेही. कोणी म्हणालं, "त्या दिशी तुझ्या बापाने," की मला काहीतरी काम आठवायचं.

बाबा आडवे होते तेव्हाच मला नाशिकहून पत्र आलं. त्या दोन लेखी परीक्षांपैकी एकीत मी पास झाले होते. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. मी ते पत्र आईला दाखवलं आणि म्हटलं, जात नाही. आई बाबांकडे गेली. बाबा छताकडे बघत म्हणाले, "तिची मर्जी." मी गेले नाही. बाबांना उठवणं, बसवणं, भांडं देणं, सगळं मी केलं. हे माझं फेडणं आहे असं मी मानलं होतं. पुढे तालुक्याच्या कचेरीत कारकुनी मिळाली, लग्न झालं, रुचा झाली. नाशिकची ती नोकरी काय होती, तिथून मी कुठे पोचले असते, याचा हिशेब मी किती वेळा मांडला असेल ते सांगत नाही. कॉम्प्युटर काका परत घेऊन गेला. सीडी मी चुलीत घातली. ती जळली नाही, नुसती वाकली आणि घरभर वास सुटला.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे शहापूरला असतात. ऐंशीला आलेत. ऐकू कमी येतं; पण नजर चांगली आहे. या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन बसले की ते खुर्ची ओढून शेजारी येऊ लागले. "तीच का ही? एकटी बाई?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. स्विचबोर्ड आला तेव्हा मी मुद्दाम थांबले. त्यांनी बोट दाखवून क्रम सांगितला, जसाच्या तसा. मग पंपघर आलं आणि मी मरू लागले. आठवडा गेला. एका दुपारी, सलग सहाव्यांदा मेल्यावर मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि काही न ठरवता बोलून टाकलं.

"बाबा, त्या दिशी माझी परीक्षा नव्हती. मी खोटं बोलले. मला ह्याच्यासाठी लाईट पायजे होती."

त्यांनी कानाशी हात नेला. मला ते परत, मोठ्याने सांगावं लागलं. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"कुठची परीक्षा?"

मी सगळं सांगितलं. जेवण, परीक्षा, फळीवरची पकड, दारावरच्या धडका, खाट. मी सांगत होते तशी त्यांच्या कपाळावर आठी चढत होती. राग येतोय असं मला वाटलं, आणि खरं तर बरंच वाटलं. सत्तावीस वर्षं मी त्या रागाची वाट बघत होते.

"तुझ्या टायपिंगसाठी मी पावसात खांबावर चढलो असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "येडी हायेस का गो? तार तुटून पडली होती शेतात. दगडूच्या. सबस्टेशनवाले तीनला लाईन सोडनार होते आन दुकानातला फोन बंद. बाया लावनीला उतरलेल्या, तुझी आयपन त्यात. मी आदी बायांना वर काढलं. मग घरी आलो दुसरी पकड न्यायला, माझ्या पकडीचं रबर फाटलं होतं. भूक लागली म्हनून जेवलो. मग तीनच्या आत वर चढून ती तार कापली, उतरताना पाय सटकला. तू काय बोलली ते मला आठवतसुद्धा नाय."

"मग मला कोनी सांगितलं का नाय?"

"सगल्या गावाला ठावं होतं. तुला काय वेगलं सांगायचं?"

गावाला माहीत होतं, आईला माहीत होतं. मलाच नव्हतं, कारण विषय निघाला की मी उठून जात होते. मी म्हटलं, पण मी दार उघडलं नाही. ते म्हणाले, "हाड मोडलेलं होतं. तू दार उघडून जुलनार होतं का?" आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, "मग नाशिकला का नाय गेलीस तू?"

"तुमच्यासाठी."

"मी तर समजत होतो तू घाबरलीस." त्यांनी काठी उचलली, परत ठेवली. "इतकी शिकवली आन पोरगी घराबाहेर पडायला घाबरते. मला लई लागलं होतं ते. तुझ्या आयजवल बोललो पन होतो."

सुटका झाल्यासारखं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. मी संतापले. कोणावर ते कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर. आठवडाभर मी त्यांच्याशी जेवा, औषध घ्या, एवढंच बोलले. तेही गप्प. अपराध नव्हता हे ऐकून माणसाने हलकं व्हावं. पण ज्याच्यासाठी मी माझी नोकरी, माझी उमेद सोडून दिली तो अपराधच नव्हता म्हटल्यावर ते सोडून देणं कुठे ठेवायचं, हे मला अजून समजलेलं नाही. लिहितानाही समजत नाही. रुचाने त्या दिवसांत तो गेम एकटीने पुरा केला, दोन रविवारांत. शेवट सांगू का, म्हणाली. मी नको म्हटलं आणि भांडी घासायला घेतली.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवलं, कानाजवळ तोंड नेऊन, थांबत थांबत. त्यांनी मधे एकदाच अडवलं: शेत दगडूचं नाही, त्याच्या भावाचं होतं, त्यांना आता आठवलं. मी दुरुस्त करते म्हटलं. पण त्यांनी तेव्हा म्हटलं ते तसंच राहू दिलंय. नाशिकचा मजकूर आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. मी वाचायची थांबले.

"गेली असतीस तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

"तुमी एकदा जा म्हनाला असतात तर गेले असते. तिची मर्जी म्हनालात."

बाबा खिडकीबाहेरच बघत राहिले. मला वाटलं की ऐकू आलं नसेल, म्हणून मी परत सांगायला वाकले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आयकलं," ते म्हणाले. "म्हनायला पायजे होतं."